नेटवर्कला घाम फोडणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन आमचं नेटवर्क तपासून दिलंत आणि कॉलेजची ऑनलाइन परीक्षा एकदाची सुरळीत पार पडली. लॅबमधली सगळी पोरं एकदम लॉगिन झाली, प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्या लगेच उघडल्या आणि 'सर, अडकलंय' म्हणून एकही हात वर आला नाही. फोनवर तुम्हाला सांगितलंच, पण चारचौघांत सांगायचं राहिलं होतं, म्हणून हे जाहीर पत्र.

सराव परीक्षेत स्क्रीन गोठायच्या तेव्हा इंटरनेटवाले 'स्पीड टेस्ट बघा, नव्वदच्या वर येतोय' म्हणून हात झटकायचे. ते खोटंही बोलत नव्हते. लाइन 100 एमबीपीएसची आणि तेवढा वेग मिळतच होता. पण परीक्षेचा सर्व्हर आमच्याच इमारतीत, आणि तिथपर्यंतची वाट कुणी मोजलीच नव्हती. तुम्ही एक लॅपटॉप सर्व्हर रूममध्ये लावलात, दुसरा लॅबमध्ये, आणि दोन मशीनमधला वेग मोजणारं आयपर्फ3 सुरू केलंत. दर सेकंदाला एक ओळ: 94, 94, 94. "गिगाबिटच्या, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या लिंकवर 940 च्या आसपास दिसायला हवं. ही शंभरावर उतरलीय," म्हणत तुम्ही थेट रॅकमागे शिरलात. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराचं दोन जोड्यांवर भागतं. आमच्या एका टोकाचं क्रिंपिंग, म्हणजे कनेक्टर दाबून बसवण्याचं काम, कच्चं निघालं, एक तार बसलीच नव्हती. कनेक्टर बदलला आणि आकडा आला 941.

आम्ही चहा सांगून मोकळे झालो होतो. तुम्ही मात्र उठायला तयार नाही! "मोठ्या पॅकेटवर कुणीही पास होतं," म्हणालात आणि लिनक्समधलं पॅकेटजेन काढलंत, पॅकेटं म्हणजे डेटाची पुडकी बनवून धडाधड सोडणारं साधन. गिगाबिटवर 1518 बाइटच्या फ्रेम (तारेवरून जाणारी पुडकी) सेकंदाला 81 हजारांच्या आसपास मावतात; 64 बाइटच्या पाठवल्या तर 14 लाख 88 हजार. राउटरची हमाली वजनावर नसते, नगावर असते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. लॅब आणि सर्व्हर यांच्या मधल्या जुन्या राउटरचा सीपीयू बघता बघता शंभर टक्क्यांना भिडला. एरवी एका मिलिसेकंदात येणारं पिंगचं ('आहेस का?' विचारणाऱ्या छोट्या संदेशाचं) उत्तर आधी रेंगाळलं, मग येईनासंच झालं. परीक्षेत प्रत्येक क्लिकमागे अशीच बारकी पॅकेटं धावतात, आणि तीही सगळ्यांची एकाच वेळी. उपाय फुकटात झाला: लॅब आणि सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवरच्या एकाच आभासी नेटवर्कमध्ये घेतले, तो राउटर वाटेतूनच बाजूला.

पण मला सगळ्यात भावली ती तुमची शिस्त. आधी प्राचार्यांची लेखी परवानगी. मग ऑफिस सुटेपर्यंत थांबणं, कारण असला मारा चालू नेटवर्कवर केला तर फी काउंटरच बंद पडेल. इंटरनेटची केबल तर तुम्ही काढूनच ठेवलीत. पॅकेटजेनसाठी आयपी पत्तेसुद्धा 198.18 ने सुरू होणारे घेतलेत, खास अशा चाचण्यांसाठीच राखून ठेवलेले, म्हणजे चुकून काही बाहेर सुटलं तरी कुणाच्या खऱ्या मशीनवर जाऊन आदळायला नको. नेटवर पाहून कुठल्याही सर्व्हरवर पॅकेटं सोडून बघणाऱ्या आमच्या काही उत्साही विद्यार्थ्यांना हे मुद्दाम ऐकवलंय. दुसऱ्याच्या यंत्रणेवर परवानगीशिवाय असं करणं हा गुन्हा आहे, हेही.

तुम्ही दिलेल्या दोन पानी रिपोर्टमुळे आणखी एक काम झालं. नवा राउटर मागितला की 'बजेट नाही' हे उत्तर ठरलेलं असायचं. यंदा खरेदी समितीने आकडे पाहिले आणि कोटेशन मागवली. त्यात पॅकेट प्रति सेकंद किती, हा रकाना मी स्वतः घातलाय. एका विक्रेत्याने तो कोरा सोडला, त्याचं कोटेशन परत पाठवलं.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, प्रवासखर्चही नाही. प्राचार्य सरांना ते लागून राहिलंय. लेटरहेडवरचं आभारपत्र ते वेगळं पाठवणार आहेत. त्यात तुमचं पद काय लिहायचं, एवढं कळवा.

आपला नम्र,
संगणक विभागातला लॅब असिस्टंट