माझ्या आईचं गोत्र कोणतं?

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी वेळेचा घोळ निस्तरते. परवा संध्याकाळी साडेसातला तुम्ही फोन केलात. अ‍ॅरिझोनात तेव्हा सकाळचे सात, हे तुमचं गणित बरोबर होतं. पण आमच्या चिनली गावात आठ वाजले होते आणि मी वर्गात गणित शिकवत होते. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण चिनली ज्यात येतं ते नावाहो या इथल्या मूळ रहिवाशांचं राष्ट्र करतं. मधोमध होपी या दुसऱ्या जमातीची जमीन आहे, ते मात्र करत नाहीत! तेव्हा नोव्हेंबरपर्यंत साडेअकरा तासांचा फरक धरा.

राष्ट्र म्हणजे खरोखरच राष्ट्र. त्यांचा अध्यक्ष आहे, पोलीस आहेत, न्यायालयं आहेत. तीन राज्यांत पसरलेला हा मुलूख केरळच्या जवळजवळ दुप्पट आहे. नावाहो हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे माणसं.

आई, हे पत्र खरं तुझ्यासाठी आहे. पहिल्याच दिवशी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ‘तुमची कुळं कोणती?’ इथे नुसतं नाव सांगून ओळख होत नाही. आधी आईचं कुळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं आणि शेवटी वडिलांच्या वडिलांचं. कोणी ‘कडू पाण्या’चे, कोणी ‘उंच घरा’चे. मूल आईच्या कुळाचं असतं आणि कुळ जुळलं तर लग्न नाही. मी ऐटीत आपलं गोत्र सांगितलं. ती म्हणाली, ‘हे वडिलांचं झालं. आईचं?’ मला सांगता आलं नाही.

मग नाळेचं कळलं. बाळाची नाळ गळून पडली की जुन्या रीतीने जमिनीत पुरतात. मुलाची मेंढ्यांच्या वाड्यात, मुलीची घराशी, मागाजवळ. ‘नाळ पुरली तिथे जीव ओढतो’ हे आपण नुसतं म्हणतो. हे लोक ते चालून आले आहेत. शाळेपासून जवळच कॅन्यन द शे नावाची लाल कड्यांची दरी आहे. १८६४मध्ये अमेरिकी सैन्याने तिथली पिकं जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो माणसांना सुमारे ५०० किलोमीटर चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. वाटेत मागे पडलेल्यांना गोळ्या घातल्याच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. छावणीत पाणी खारं, पीक किडलेलं. चार वर्षांनी, १८६८मध्ये, तह करून ते परतले ते याच जमिनीवर.

भाषा मला काही येईना. ‘मला दे’ एवढं म्हणायचं तरी वस्तू दोरीसारखी लांब आहे, गोल आहे, की भांड्यातलं पाणी आहे यावर क्रियापद बदलतं. गणिताच्या बाईंनी, म्हणजे मी, फळ्यासमोर मुलांकडून स्वतःचं हसू करून घ्यायचं, असा हल्ली नेम झालाय. ही भाषा बोलली म्हणून निवासी शाळांत मुलांना मार बसत असे. आणि १९४२मध्ये सैन्याने तीच भाषा सांकेतिक निरोपांसाठी मागून घेतली. रणगाड्याला ‘कासव’, बॉम्बला ‘अंडी’! जपान्यांना ती शेवटपर्यंत उलगडली नाही. त्या जवानांना १९६८पर्यंत याबद्दल बोलायलाही बंदी होती.

गेल्या रविवारी एका सहकारी बाईंच्या भाच्याचं ‘पहिलं हसू’ होतं. बाळाला जो पहिल्यांदा हसवतो, त्याने जेवण घालायचं. इथे तो मान त्याच्या मामाला मिळाला, म्हणजे मटणाचा खर्चही. बाळाच्या मुठीतून प्रत्येकाच्या हातावर खडेमीठ पडतं, मूल दिलदार व्हावं म्हणून. मी मीठ चाटलं आणि तुझी मीठ-मोहरीची दृष्ट आठवली.

आईला इथे ‘शिमा’ म्हणतात, आईच्या आईला ‘शिमासानी’. तर शिमा, तुझ्या माहेरचं गोत्र लिहून पाठव. आजीच्या माहेरचंही, तिला आठवत असेल तर. आणि माझी नाळ कुठे पुरलीत का, की दवाखान्यातच राहिली?

तुमची,
मनू