बाळंतपणाला येत नाहीये, म्हणून हे पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो आणि तरी पत्र आलंय म्हणजे काहीतरी आहे, हे आईनं पाकीट बघूनच ओळखलं असेल. आई, आधी गॅस बंद कर आणि बस. मी बरी आहे. बाळही बरं आहे, रात्री दोन वाजता कवायत करतं. वजन, रक्त, सगळं ठीक.

फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा तू स्पीकर लावून काकूला हाक मारलीस, दुसऱ्यांदा बाबांनी नेहमीप्रमाणे "हं, आईशी बोल" करून फोन देऊन टाकला. म्हणून लिहिते. मी बाळंतपणाला गावाला येत नाहीये. इथे पुण्यातच नाव घातलंय. बाळाला घेऊन येईन ती दीड महिन्याचं इंजेक्शन झाल्यावर.

आता तुझ्या डोक्यात जे आलं ते तसं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, उलट "पहिलं बाळंतपण माहेरीच" म्हणून त्यांनीच निखिलला दोन गोष्टी सुनावल्या. दवाखाना लांब हेही कारण नाही. आणि घर तर नाहीच नाही. काकूनं मला सगळं कळवलंय. मधल्या खोलीला रंग झाला, कोनाडे बुजवले, फरशी दिवसातून तीनदा फिनेलनं पुसली जाते, आणि बाबा गायीला मामाकडे पाठवायला निघालेत. अगं, बाळ येणार आहे की कलेक्टर?

आई, तू इतकं का करतेस ते मला माहीत आहे. देव्हाऱ्यामागच्या डब्यातलं ते टोपडं मी सातवीत असताना पाहिलं होतं. तुला कधी विचारलं नाही. माझ्या पोटावर हात ठेवून तू नऊ दिवस मोजतेस, तेव्हा काय मोजतेस तेही मला कळतं. पण ते बाळ गेलं त्यात तुझ्या खोलीचा, तुझ्या झाडण्या-पुसण्याचा काही दोष नव्हता गं. विळ्यानं कापलेली नाळ आणि वर चिमटीभर राख, त्यातून धनुर्वात शिरायचा. आता दवाखान्यात निर्जंतुक ब्लेड असतं, नाळेवर काहीसुद्धा लावायचं नसतं, तूप नाही, हळद नाही, पावडरही नाही. कोरडी ठेवायची, आठ-पंधरा दिवसांत आपोआप पडते. माझी धनुर्वाताची इंजेक्शनं झालीत, त्यातलं एक डांग्या खोकल्याचंही होतं. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटला असं 2015 मध्ये जाहीरसुद्धा झालंय. तेव्हा तू आता नऊ मोजू नकोस. मोजायचंच असेल तर लाडू मोज.

मग कारण काय? बाबा, कारण तुमचा खोकला.

रागावू नका. पुढचं वाचा. डोहाळजेवणाचा व्हिडिओ मी परवा पुन्हा बघितला. काकूच्या गाण्यापेक्षा तुमचा खोकला जास्त ऐकू येतो. त्याला आता सहा आठवडे झाले. तुम्ही म्हणता शेंगदाण्याचं फोलपट अडकलंय, आई म्हणते रंगाचा वास लागला. पण रंग तर गेल्या आठवड्यात दिलाय! इथल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "माहेरी कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?" मी आधी नाही म्हणाले. खोटं बोलले. मग निखिलनं माझ्याकडे बघितलं आणि मी रडायलाच लागले.

दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, एवढंच म्हणणं आहे. बहुतेक काही निघणार नाही. निघालंच, तर क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, नीट घेतली की माणूस खडखडीत बरा होतो, आणि औषध चालू झाल्यावर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण्याची भीती फार कमी होते. साधा खोकला असला तरी दीड महिन्यापर्यंत बाळाला डांग्या खोकल्याची स्वतःची लस नसते, माझ्याकडून जेवढं संरक्षण जाईल तेवढंच. तान्ह्या बाळाचा श्वास केवढासा! मोठ्यांचा खोकला त्याला झेपत नाही. तुमच्याच नातवंडासाठी सांगतेय. तुम्ही त्याला नकोसे झालात म्हणून नाही, कधीच नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय, तेव्हा तुम्हीही तीनदा वाचा.

आणि हे मला शिकवलं कुणी? प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला हात पुढे करायला लावून नखं बघणारे गुरुजी तुम्हीच ना? मला घरची म्हणून पट्टी दुप्पट जोरात बसायची. तुमच्या कात्रणांच्या वहीत गडचिरोलीच्या बंग डॉक्टर दांपत्याचं पान होतं, तुम्ही आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतंत. 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं. हात धुणं, बाळाला ऊब देणं, आईचंच दूध पाजणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध देणं. तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ती घरं मातीची होती बाबा. सारवलेली जमीन, कोंबड्या आत-बाहेर. फिनेल कुठून असणार?

तेच मला आईला सांगायचंय. फरशी रोज एकदा पुसली की पुरे. फिनेलच्या वासानं बाळाला सुख नाही, आंघोळीच्या पाण्यातही बाटलीतलं काही घालायचं नाही. स्वच्छ ठेवायचे ते हात. बाळाला घेण्याआधी कोपरापर्यंत, साबणानं, बांगड्या वर सारून. ते झालं की बाकी घर घरासारखं असू दे. गायीला कुठेही पाठवू नका! जर्मनी-ऑस्ट्रियाकडे गोठ्याच्या शेजारी वाढणाऱ्या मुलांची पाहणी झाली, त्यांच्यात दमा कमी निघाला. मी गोठ्यातच रांगत होते असं तुम्हीच सांगता. फक्त धार काढून आलात की हात धुवा आणि सदरा बदला. सदऱ्यावरून आठवलं, विडी सुटली म्हणता, मग गोठ्यामागं थोटकं कुणाची? गाय तर ओढत नसेल.

आजीचं सोयर आठवतं का? दहा दिवस खोलीत कुणी यायचं नाही, दाराशी पाण्याची बादली, पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, म्हातारीनं गर्दी तरी बाहेर ठेवली. ती धुरी मात्र नको. ओवा, वावडिंग, बाळंतशेप, सगळ्याचा वास मला आवडतो, पण धूर तो धूरच. शेगडी बाजल्याखाली ठेवायची नाही. डासांना कॉइलही नको, मच्छरदाणी घेतलीय, छत्रीसारखी उघडते.

आई, तुला माझ्याकडे यायचंच आहे, तो प्रश्नच नाही. तुझ्याशिवाय मला कोण धुऊन-पुसून उभं करणार? तुझी सोय बघून ठेवलीय. दक्षिणेकडची खोली तुझी, सकाळी ऊन येतं. गुडघ्यासाठी कमोड आहे, बाजूला धरायला दांडाही बसवून घेतला. स्वयंपाकघरातला पूर्वेचा कोपरा तुझ्या देवांना. खाली फुलवाली बसते, जास्वंद रोज मिळेल. चहाला तुझ्याच कंपनीची पावडर आणलीय. मालिका लावून देईन, हळू आवाजात. तूही बाबांच्या खोलीतच झोपतेस, तेव्हा निघायच्या आधी तुझीही तपासणी. तोंड वाकडं करू नकोस, दहा मिनिटांचं काम आहे.

बाबांचा डबा काकू देणार आहे, माझं बोलणं झालंय. भाकरी मऊ, तिखट कमी, रात्री दूधभात. ती म्हणाली, "तुझा बाप माझ्या हातचं खातो का बघू." खा हं बाबा. आणि रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ फोन, तेव्हा आईकडे फोन द्यायचा नाही, कारण आई इकडे असेल.

ट्रंकेतली आजीच्या लुगड्यांची दुपटी मला हवीत. बाजारातल्या कशालाच तो मऊपणा नाही. पण आई, त्यात तू डांबराच्या गोळ्या टाकतेस ना? त्या आधी काढून टाक. काही बाळांना त्यानं रक्तातल्या पेशी फुटून जबर कावीळ होते. दुपटी गरम पाण्यात दोनदा धू, दोन दिवस कडक उन्हात वाळव, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून दे. काजळ आणू नकोस. सहाण आणि गुटीचं सामान आणलंस तर आण, बघायला मला आवडेल, पण सहा महिने माझ्या दुधाशिवाय काही नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. तीट लाव हवी तर, तळपायाला.

बारशाला कुणाला बोलावू नका. मोठं बारसं आपण गावातच करू, मी आले की, अंगणात. पाळणा तोच. त्याची एक कडी सैल आहे, बाबा, तेवढी बघून ठेवा. कानात कुर्र करायची आत्या आपल्याकडे एकच, आणि ती रुसणार, तिला आईनंच समजवावं. मला जमणार नाही.

मला माहीत आहे, खोली रंगवून तुम्ही दोघं दारात उभं राहून बघत असाल. रंग कोणता दिलात ते काकूनं सांगितलं नाही. पिवळा असेल, तर मी रडेन. लहानपणी तापात बाबा मला त्याच खोलीत खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचे आणि पाढे म्हणायचे. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत मी झोपायचे. बाळालाही तोच पाढा लागणार आहे. म्हणून तर खोकला जायला हवा.

शनिवारी पिंट्या सात वाजता जीप घेऊन येईल. ग्रामीण रुग्णालयातली थुंकीची डबी तो आदल्या दिवशीच देऊन जाईल. उठल्याबरोबर साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि छातीतून खोकून आलेलं त्यात घ्यायचं, लाळ नाही. चहाच्या आधी. आई, चहा डबी भरल्यावरच द्यायचा, त्यांनी कितीही डोळे वटारले तरी.

तुमची,
ठकू

ता. क. बाबा, कात्रणांची वही आईच्या पिशवीत घाला. आणि गायीचं खरंच रद्द झालं ना, ते मला शनिवारी पिंट्याच्या फोनवरून सांगा. तुम्ही स्वतः.