नाथसागर मुक्काम : सभासद कुटुंबांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. येत्या शनिवारी-रविवारी आपला सहकुटुंब मुक्काम पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर आहे. शनिवारी सकाळी ठीक ७ वाजता क्रांती चौकातून निघायचं.

• तंबू तळावर मिळतील. अंथरूण-पांघरूण, टॉर्च, ताट-वाटी आपापली. रात्री पाण्यावरून बोचरा वारा येतो, लेकरांना कानटोपी हवीच.

• पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. काठ वरून वाळलेला दिसतो, पण पाय ठेवला की गुडघ्याएवढा गाळात जातो. लेकरांचा हात सोडू नका, ही कळकळीची विनंती.

• जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. स्पीकर आणू नका. दुर्बीण असेल तर जरूर आणा, थंडीत रोहित पक्षी येतात.

• रात्री हुरडा आहे. माणसं किती, ते गुरुवारपर्यंत कळवा.