नाव कोणाचेही असू द्या, रात्री खुर्चीत माणूस बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या श्रेयावरून दोन प्रवक्त्यांचे भांडण वाचले. योजना आमची, असे एक म्हणतो. नुसते नाव तुमचे, पैसे आम्ही वाढवले, असे दुसरा. अर्धे पान तुम्ही त्यांना दिलेत आणि त्या अर्ध्या पानात पेशंटला रुग्णालयाच्या दारात काय सोसावे लागते याचा एक शब्द नाही. फार संताप आला, म्हणून लिहिते आहे.

खरे तर दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचे नाव लागले, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडली गेली, २०२३ मध्ये विम्याचे कवच ५ लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही लाभ देण्याचा निर्णय झाला. एवढी सरकारे आली-गेली, पण योजना कोणी मोडली नाही. मग भांडण कशाचे?

माझ्या धाकट्या दिरांना मध्यरात्री छातीत कळ आली. योजनेत असलेल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. बाहेर योजनेचा फलक, आत आरोग्यमित्राचे, म्हणजे पेशंटची योजनेत नोंद करून मंजुरी आणणाऱ्या माणसाचे, टेबल, टेबलावर काच, काचेखाली नियम. खुर्ची रिकामी. बिलाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आरोग्यमित्र सकाळी येतील, तोवर ५० हजार भरा. केशरी कार्ड दाखवले, तर कार्डावर घरचे नाव आणि आधारवर शाळेतले. "हे दोन वेगळे पेशंट आहेत," असे तो आमच्या तोंडावर म्हणाला. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे. ते त्याने सांगितले नाही आणि आम्हाला माहीत नव्हते. जावेच्या मामेभावाने रात्रीत कुठूनतरी पैसे उभे केले. ते फेडायला जावेने दुसऱ्या दिवशी पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या.

सकाळी आरोग्यमित्र आली. विशीतली मुलगी. तिने नावाचा घोळ तासाभरात मिटवला, मंजुरी आणली, स्टेंट योजनेतून बसवला गेला. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण रात्रीचे ५० हजार परत मिळाले नाहीत. रुग्णालय म्हणते, नोंद सकाळची आहे, आधीचा खर्च तुमचा. तक्रार केली तर उत्तर आले, पक्की पावती जोडा. पावती कच्ची होती, साध्या कागदावर आकडा आणि सही. छाती दाबून बसलेल्या माणसाच्या बायकोने त्या वेळी पक्की पावती मागत उभे राहायचे होते का?

हा दोष काँग्रेसचा, भाजपचा की राष्ट्रवादीचा, मला सांगता येणार नाही आणि मला त्याच्याशी देणेघेणे नाही. रात्री दहा ते सकाळी आठ माणूस नेमायला विचारधारा लागत नाही. योजनेच्या किती खाटा रिकाम्या आहेत ते दारावर रोज लिहायला लागत नाही. आणि रुग्णालयांची बिले सरकारने वेळेवर चुकती करावीत, म्हणजे योजनेचा पेशंट पाहून त्यांची तोंडे वाकडी होणार नाहीत. हेही मी तितक्याच जोराने म्हणेन.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती लोकांच्या कामी आली. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला, तो नोकरदारांच्या पगारातून आजही कापला जातो. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९७७ मध्ये कायदा एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला तेव्हा दादांचेच सरकार पाडून शरद पवार त्या जागी बसलेले होते. सरकार पाडले, कायदा नाही पाडला. त्या काळचे राजकारण काही सोवळे नव्हते, तरी मजुराच्या पोटाशी कोणी खेळले नाही. एवढी समज आजच्या प्रवक्त्यांकडून मागणे जास्त आहे का?

आणखी एक, राहवत नाही म्हणून. दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. डॉ. मनमोहन सिंगांच्या काळात तो २०० झाला, मोदींच्या काळातही २०० च राहिला. राज्य आपली भर घालते म्हणून निभावते. यावर तुमच्या पानात दोन प्रवक्ते कधी भांडलेले मी पाहिले नाहीत.

तुम्हाला एकच विनंती. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ रोज पहिल्या पानावर ठळक छापा. आणि तुमच्या जिल्हा वार्ताहरांना एका रात्री योजनेतल्या रुग्णालयांत पाठवा. कोणत्या टेबलावर माणूस होता आणि कोणत्या नव्हता, ते रुग्णालयाच्या नावासकट छापा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, तासगाव