टॅम्पाला पत्र: लव्हबग, कुंभारीण आणि वाऱ्याच्या थापा

खानापूर,
भाद्रपद

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, त्यातल्या तिकडच्या लोकांनी सांगितलेल्या वादळांच्या गोष्टी आणि फोटो, सगळं पोचलं. फ्लोरिडातल्या त्या लव्हबग माशांच्या जोडीचा फोटो स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिला. काळं अंग, छातीवर तो शेंदरी डाग, उलट्या तोंडांनी एकमेकांना चिकटलेली दोघं. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले आहेत, मादीचे दोन बाजूंना वेगळे आहेत. कुणी न सांगता नर कोण नि मादी कोण ते कळतं. मला फार आवडला. मागचे पाय धूसर आले म्हणून तू खट्टू झालीस, तसं होऊ नकोस. डोळा शार्प आला की बाकीचं चालतं.

एकास एकला, म्हणजे किडा जेवढा तेवढाच सेन्सरवर उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी फोकसमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची जागा मिळते. आणखी बंद करावं म्हटलं तर चित्र मऊ पडायला लागतं, कारण इतक्या जवळून एफ ११ च एफ २२ सारखं वागत असतं. म्हणून ती जागा वाढवायच्या नादी न लागता कुठं ठेवायची ते ठरव. किडा आडवा असेल तर कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर धर, म्हणजे डोळा, छाती, पंख त्याच एका मिलिमीटरात बसतात. तोंडासमोरून घेणार असशील तर डोळ्यांवर ठेव आणि मागचं सगळं खुशाल विरघळू दे.

तू विचारलं होतंस, ट्रायपॉड घेऊ का? नको. तो उघडेपर्यंत किडा कधीच उठून गेलेला असतो. हातातच धर. ऑटोफोकस बंद कर, रिंग एका जागी ठेव आणि फोकस आपल्या अंगानं कर. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडत हळूच पुढं झुकायचं, डोळ्यातली जाळी दिसली की दाबायचं. किडा काडीवर असेल तर ती काडी डाव्या हाताच्या दोन बोटांत धर आणि लेन्सची पुढची कड त्याच हातावर टेकव. मग वाऱ्याची झुळूक आली तरी काडी, किडा आणि कॅमेरा मिळून हलतात आणि फोकस सुटत नाही. हे मी कुठं वाचलेलं नाही. जांबोटीच्या रानात पावसाळाभर गुडघ्यावर बसून हाताला लागलेलं आहे.

फ्लॅशला मात्र पर्याय नाही. कमी ताकदीवर ठेवलास तर त्याचा उजेड सेकंदाच्या पाच-दहा हजाराव्या भागात येऊन जातो, तेवढ्यात ना तुझा हात हलतो ना माशीचा पाय. शटर १/२०० ठेव, आयएसओ २००. पण फ्लॅश उघडा मारू नकोस. भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उठतो आणि खालचा रंग मरतो. दुधी प्लास्टिक किंवा बटर पेपर वाकवून लेन्सच्या वर छपरासारखा लाव, जितका मोठा आणि किड्याच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. आणि सकाळी लवकर जा. ऊन तापायच्या आधी किड्यांच्या अंगात उडायची ऊब नसते, ते तुला जवळ येऊ देतात.

आपल्या पडवीत सध्या एका कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीचं, काम चाललं आहे. खिडकीच्या चौकटीला तिनं मातीचं इवलंसं मडकं बांधलं, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, वर बाहेर वळलेला काठ. नळाखालच्या ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून यायची, काठावर ठेवायची, पुढच्या पायांनी आणि तोंडानं फिरत फिरत पसरायची. ओली पट्टी गडद दिसते, वाळली की फिकी, त्यामुळं लेन्समधून पाहिलं की कुठली गोळी कधी बसली ते थरांवरून मोजता येतं. मडकं झाल्यावर शेपूट आत घालून तिनं अंडं घातलं. ते आतल्या छताला बारीक धाग्यानं लोंबतं. मग डंख मारून लुळ्या केलेल्या हिरव्या अळ्या एकेक करून आत कोंबल्या आणि तोंड लिंपून टाकलं. अळ्या मरत नाहीत, नुसत्या हलू शकत नाहीत. पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून ही सोय. कौलांच्या आणि मडक्यांच्या या गावात ती माझ्या घरी कामाला आली याचा मला फार आनंद आहे.

ती गोळी ठेवतानाचा एक फोटो मिळवायला मला खूप ताटकळावं लागलं. त्यावर आपल्या ओळखीतला एक हौशी फोटोवाला म्हणाला, एवढं कशाला, डबीत धरायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, गारठला की पानावर मांडायचा, दहा मिनिटं हलत नाही. काहीजण तर पायाला गोंद लावतात. असले फोटो ओळखू येतात बघ. पाय अंगाखाली आखडलेले असतात, मिशा पडलेल्या असतात, आणि जी जात जमिनीवर फिरते ती फुलावर बसलेली असते. तू असं कधी करणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या पत्रातल्या वादळांच्या गोष्टींशी याचा संबंध आहे.

त्या गोष्टी मी आईला वाचून दाखवल्या. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या आज्जांची आठवण झाली. वळिवाचा वारा सुटला की आज्जा कट्ट्यावर सुरू व्हायचे. एका वळिवानं पिंजराची अख्खी गंजी उचलली आणि चंदगडात नेऊन ठेवली, वर खुडूक कोंबडी बसलेली होती ती उठलीसुद्धा नाही, आणि एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन घाट चढून परत आली, म्हणायचे. पुढच्या वर्षी गंजीबरोबर गोठाही जायचा. कुणी अडवायचं नाही, उलट एखादा विचारायचा, "आणि म्हैस?" सांगणाऱ्यालाही माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत. त्यात कुणी फसत नव्हतं. माझ्या स्टुडिओतही तसंच आहे, नवरीच्या गालावरचा मुरुम मी पुसतो तेव्हा नवरीला, तिच्या आईला, सगळ्या पाहुण्यांना ते माहीत असतं.

फोटो साक्ष म्हणून पुढं केला की मात्र गोष्ट बदलते. वादळात रस्त्यावरच्या पाण्यात शार्क पोहतोय, असा तो फोटो तुझ्याकडं आला असेलच. २०११ साली आयरीन वादळाच्या वेळी तो कॅरिबियनमधल्या पोर्टो रिको बेटाचा म्हणून फिरला आणि नंतर प्रत्येक मोठ्या वादळात गावाचं नाव बदलून परत आला. त्यातला शार्क दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात थॉमस पेशाक यांनी काढलेल्या एका फोटोतून कापून घेतलेला आहे. मूळ फोटोत तो एका छोट्या होडीच्या मागं येतोय. पुढं २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्याच फोर्ट मायर्सला खरोखरच एका घराच्या मागच्या पाण्यात मोठा मासा पाठीवरचा पर बाहेर काढून फिरताना कुणीतरी व्हिडिओत पकडला. तो व्हिडिओ खरा निघाला, पण आधी लोकांनी त्याला हसूनच उडवलं. खोट्या शार्कनं खऱ्याची साक्ष घालवली. याचा मला खरोखर राग येतो.

उलटंही असतं. १९२८ च्या सप्टेंबरात पोर्टो रिकोवर वादळ आलं, त्यात लाकडाची लांब फळी उभ्या ताडाच्या खोडातून आरपार गेली. तो जुना काळा-पांढरा फोटो पाहिला की थाप वाटते, पण तो खरा आहे. आपल्या शेतावर आत्ता, भात पोटरीत आलंय, तर वर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताहेत. हेच चतुर ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर झुंडीनं उतरतात आणि पुढं वाऱ्याच्या आधारानं समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडं जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. बोटभर लांबीचा जीव! आज्जांनी सांगितलं असतं तर आम्ही विचारलं असतं, "आणि म्हैस?" म्हणून ऐकायला अशक्य वाटलं एवढ्यावरून काही ठरत नाही. कुणी पाहिलं, कुठं, कधी, ते विचारायचं.

तुझ्या लव्हबगचंच घे. फ्लोरिडाच्या विद्यापीठात डास मारायला तयार केले आणि प्रयोगशाळेतून निसटले, असं तुला ऑफिसात सांगितलं ना? तसं काही नाही. ते मध्य अमेरिकेकडून समुद्राच्या काठाकाठानं आपणहून आले. १९४० मध्ये टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टनच्या नमुन्यांवरून त्यांची नोंद झाली, १९४९ पर्यंत ते फ्लोरिडात पोचले. डास ते खातच नाहीत, फुलांतला रस पितात. ही थाप कुणाचं वाईट करत नाही, असू दे.

पण तुझ्या घरमालकीणबाईंनी सांगितलेली गोष्ट मला झोपू देत नाही. तिथल्या मूळ रहिवासी टोकोबागा लोकांनी पूर्वी बांधलेले मातीचे उंचवटे टॅम्पाचं रक्षण करतात, म्हणून इथं वादळ येत नाही, असं त्या म्हणतात. बाईंचा भाव चांगला असेल, त्या जुन्या लोकांबद्दलचा आदरही खरा असेल. पण २५ ऑक्टोबर १९२१ ला वादळ आलं तेव्हाही ते उंचवटे होतेच. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळ टॅम्पाला शिवलंसुद्धा नाही, दूर समुद्रातून उत्तरेकडं गेलं, तरी त्याच्या दक्षिणेच्या वाऱ्यानं खाडीत पाणी ढकललं आणि लोकांच्या घरांत समुद्र शिरला. दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन आलं. ते टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की इथं किनाऱ्यावर चढलं. तिकडची वादळंही आपल्या अरबी समुद्रातल्यासारखी घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात, त्यामुळं उत्तरेच्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहिला आणि खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. वादळाचा डोळा, म्हणजे मधला भाग, थोडा उत्तरेला गेला असता तर तेच पाणी शहरात आलं असतं. एवढ्याशा फरकाला लोक उंचवट्यांची कृपा म्हणतात.

थापा नेहमी वाऱ्याच्या असतात आणि माणसं पाण्यानं जातात. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या काळात अशा वादळांत जे मेले त्यांतले सुमारे निम्मे समुद्राच्या चढलेल्या पाण्यात गेले, आणि पावसाच्या पुरात गेलेले वेगळेच. २०१९ च्या ऑगस्टात आपल्याकडं मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा सगळ्या एकदम फुगल्या तेव्हा तू इथंच होतीस. तेव्हा वाऱ्याचं नाव नव्हतं.

तेव्हा एवढं कर. तिकडं वादळात कुणी कधी घर सोडायचं त्याचे झोन असतात, आणि घराच्या पत्त्यावरून झोनचं अक्षर ठरलेलं असतं. ए झोनला सगळ्यात आधी बाहेर पडायला सांगतात. आपलं अक्षर शोध आणि कागदावर लिहून दारामागं लाव. निघा म्हटलं की निघायचं, घरमालकीणबाई काही म्हणोत. त्यांना गाडीत घेता आलं तर घे. काचांवर टेपच्या फुल्या मारण्यात वेळ घालवू नकोस, त्यानं काच वाचत नाही. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात, तेही खोटं आहे. नुसता वारा आत येतो. पासपोर्ट, औषधं, चार्जर एका पिशवीत आत्ताच भरून ठेव. कॅमेरा झिपच्या पिशवीत सिलिका जेल घालून. जागा नसली तर कॅमेरा राहू दे, मेमरी कार्ड काढून खिशात घाल.

वादळ गेल्यावर झाडापानांवर किडे पुष्कळ दिसतील, पण साचलेल्या पाण्यात उतरून फोटो काढू नकोस. त्यात वीज उतरलेली असू शकते.

आईनं कुंद्याचा डबा बांधलाय, येणाऱ्या कुणाबरोबर तरी देऊ. अक्षर कुठलं निघालं ते उद्याच व्हॉट्सअॅपवर कळव.

तुझे
बाबा