हवेचा आकडा नेमका कशाचा?

महोदय,

हिवाळा आला की आपल्या पहिल्या पानावर शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक झळकतो. पण तो आकडा कशाचा, हे क्वचितच कळते. एप्रिल २०१५मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला असला, तरी ती त्यांची बेरीज नव्हे आणि सरासरीही नव्हे. ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक, म्हणजे त्याचा स्वतंत्र आकडा, सर्वांत जास्त, तोच त्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा निर्देशांक ठरतो. मग १८० हा आकडा सूक्ष्म धुळीचा की ओझोनचा, हे न सांगता दमेकऱ्याने काय बोध घ्यायचा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रोज दुपारी चारच्या पत्रकात प्रमुख प्रदूषकाचे नाव असते. बातमीत येईपर्यंत ते गळते.

त्यात शहराचा आकडा म्हणजे अनेक केंद्रांची सरासरी. बांधकामाशेजारी दिवसभर उभा असलेला वडेवाला आणि झाडीतला बंगलेवाला, दोघांची हवा कागदावर एकच! आणि १०१ ते २०० या पट्ट्याला नाव काय, तर 'मध्यम'. फुप्फुसाच्या व हृदयाच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो, असे सरकारच त्यापुढे लिहिते.

केंद्रनिहाय आकडा व प्रमुख प्रदूषक असा चार ओळींचा तक्ता हवामानाच्या चौकटीशेजारी रोज द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे