विन्याला पत्र

औसा, 18 जानेवारी

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, हातांचा आमवात आहे तसाच. त्या आमवातातूनच एक गोष्ट निघालीय, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

लातूरला डॉक्टरांनी विचारलं, "महिनाभर दुखणं शून्य ते दहात किती?" मी ठासून सांगितलं, आठ. सुमननं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. रोज रात्री मला विचारून ती दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा टाकायची. आठ फक्त चार दिवस! बाकी तीन, चार, आणि एका रविवारी चक्क एक. त्या रविवारी मी काय केलं, काही केल्या आठवेना. "शेतात हुरडा खाल्लात की," सुमन म्हणाली.

मी खोटं बोललो रे? मुक्ता मानसशास्त्र शिकते, ती म्हणते, नाही. 1993 साली डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60, वर आणखी 30, पण त्या 30 मध्ये पाण्याचा गारठा अंशभर कमी केला. पुन्हा कोणतं करणार म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं. लक्षात राहतो कळस आणि शेवट. किती वेळ सोसलं ते पुसलं जातं. पुढं आर्थर स्टोन यांनी जुनाट दुखण्याचे रोगी पाहिले. ज्यांचं दुखणं जास्त वर-खाली होतं, त्यांना गेलेला आठवडा रोजच्या आकड्यांपेक्षा जड आठवतो. (बापू मास्तरांना हे लागू नाही. त्यांचा गुडघा बाहत्तरच्या दुष्काळापासून एकाच सुरात दुखतोय.)

1993 ऐकलं आणि पोटात गलबललं. 30 सप्टेंबरची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट. घर हलतंय, आखडलेली माय बाजेवरून उठेना, आणि मी ओरडलो, "दुपारी तर भाकरी थापतीस!" तू तिला पाठीवर घेऊन अंगणात आलास. मला आंधळा म्हणालास, त्यावरून दोन वर्षं अबोला. आता माझी बोटं पहाटे तशीच आखडतात, दहाला सुटतात. आम्ही तिची दुपार मोजत होतो, ती पहाट मोजत होती.

फ्लॅटची किल्ली मिळाली का? पोराची तारीख कळव, वहिनींना नमस्कार.

विन्या, माय तुझ्याजवळ कधी "आज बरं हाय" म्हणाली होती का? मला एकदाही आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही. फोन नको, लिहूनच पाठव.

तुझा,
दिल्या